न ऐकलेल्या अल्बमचं परीक्षण

देवा,

तो अल्बम मी परवा ऐकला. पहिल्या गाण्यापासून दहाव्यापर्यंत, एकही गाणं न गाळता. पहिल्यांदा.

तुला याचं नवल वाटणार नाही, हे मला आता कळलंय. इतरांना वाटेल. मराठीत हेवी मेटलवर लिहिणारे बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातही त्या अल्बमची सगळ्यात जास्त टर कुणी उडवली असेल तर ती मी. जगभर नावाजलेला बँड, त्यांचा सगळ्यात पडलेला अल्बम, आणि नांदेडात बसून त्याची सालटी काढणारा मी. लोक तो लेख अजून एकमेकांना पाठवतात. त्या लेखामुळे मला रविवारच्या पुरवणीत सदर मिळालं, सदराचं पुढे पुस्तक झालं. लेख लिहिला तेव्हा मी त्या अल्बममधली तीन गाणी ऐकली होती. खरं सांगायचं तर अडीच.

तू जाऊन आज सोळा दिवस झाले. आपल्या गोरेगावच्या अलीकडे एका लग्नात साउंडचे बॉक्स टेंपोत चढवताना तुझ्या छातीत कळ आली आणि हिंगोलीला नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. एवढंच मला फोनवर कळलं आणि त्यापुढचं मी विचारलं नाही. मातीला येऊ शकलो असतो. आलो नाही. कॉलेजात परीक्षेचं काम आहे असं सांगितलं. काम होतं, पण ते दुसऱ्या कुणीही केलं असतं. कमलवहिनींसमोर उभं राहायची माझी हिंमत नव्हती, आणि तुझ्या वडलांसमोर, बांसमोर, तर नव्हतीच.

आपण अकरावीला हिंगोलीत भेटलो. मी वसमतचा, मास्तरांचा पोरगा. तू गोरेगावजवळच्या तांड्यावरचा. एका खोलीत राहायला आलो तेव्हा तुझ्याकडे एक पत्र्याची पेटी होती आणि भंगारातून जोडलेला एक डेक. त्याला झाकण नव्हतं, आतली चक्रं फिरताना दिसायची. माझ्याकडे मामेभावानं पुण्याहून दिलेली एक कॅसेट होती, त्या बँडची, त्यांच्या ऐन भरातली. ती लावली तेव्हा तू जेवत होतास. भाकरीचा तुकडा हातात धरून तू अख्खी बाजू ऐकलीस. संपल्यावर म्हणालास, "हे चार माणसं हायेत का चाळीस?"

त्यानंतर दोन वर्षं आपण दुसरं काही ऐकलं नाही. घरमालकीण बिचारी दाराशी येऊन विचारायची, की मशीन बिघडली काय. गाण्यांचे शब्द मी तुला सांगायचो, अर्धे समजलेले, अर्धे ठोकून दिलेले. आवाज तू मला सांगायचास. इथं गिटार दोनदा वाजवून एकावर एक ठेवलीय, इथं ढोल वाजवणारा हळूच पुढे पळालाय, इथं गाणाऱ्यानं माइक जवळ घेतलाय. मला यातलं काहीच आधी ऐकू यायचं नाही. तू बोट वर केलंस की यायचं. पुढे माझ्या लेखांत लोकांना जे बारकावे आवडले, "कान असावा तर असा" म्हणून ज्यांचं कौतुक झालं, त्यातले निम्मे त्या खोलीत तू दाखवलेले होते. मी ते कुठेही कबूल केलं नाही. आज करतोय.

अकरावीच्याच वर्षी होळीला तू मला तांड्यावर घेऊन गेलास. तुझ्या वडलांना मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. सगळा तांडा त्यांना नावानं हाक मारायचा, तू बा म्हणायचास, मग मीही बाच म्हणू लागलो. डफ वाजू लागले, बायामाणसांची रिंगणं झाली, आणि बांनी लेंगी म्हणायला सुरुवात केली. होळीची ही गाणी तुमच्या बोलीतली, मला एक अक्षर कळत नव्हतं. पण तो आवाज असा होता की पलीकडच्या तांड्यांवरचे लोक शेतातून चालत आले होते तो ऐकायला. तू माझ्याशेजारी उभा होतास आणि तुझा चेहरा असा झाला होता की मी तुझ्याकडे पाहायचं टाळलं. बापाबद्दल एवढा अभिमान मी कुणाच्या तोंडावर पाहिला नव्हता.

पुढच्या पावसाळ्यात बांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि बोलणं अर्धं राहिलं.

तो अल्बम आला तेव्हा मी नांदेडला बीएच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि तू कॉलेज सोडून गोरेगावला साउंडचं दुकान टाकलं होतंस. कव्हरवर चित्र नव्हतं, नुसता राखेचा रंग, म्हणून आपण त्याला राखाडीच म्हणत राहिलो. मी नांदेडहून सीडी करून आणली. येण्याआधीच मी इंटरनेट कॅफेत बसून सगळं वाचून आलो होतो. बँड संपला. वेग गेला, गिटारची ती लांब करामत गेली, गाणारा दमलाय, त्याचा आवाज फाटलाय आणि यांना तो दुरुस्तही करता आला नाही. जगभरचे चाहते संतापले होते. मी ऐकायच्या आधीच संतापून बसलो होतो.

तुझ्या दुकानात, बॉक्सच्या थप्पीमागे बसून आपण ती लावली. तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर मी उठलो आणि समोर चहाला गेलो. एक चहा झाला, दुसरा झाला, पेपर वाचून झाला. तासाभरानं परत आलो तर तू तसाच बसलेला. मी म्हणालो, हे म्हाताऱ्यांचं गाणं आहे, फेकून दे. तू म्हणालास, "तू बाहेर व्हतास." मी म्हणालो, बाहेर ऐकू येत होतं सगळं. येत नव्हतं. चहावाल्याकडे रेडिओ चालू होता.

त्यानंतर तू नवीन बॉक्स आणले की आधी त्यांच्यावर राखाडीतलं चौथं गाणं लावून बघायचास. बाजारातले लोक विचारायचे, देविदास, कोणी वारलं काय? तू हसायचास आणि लग्नाचं गाणं लावायचास.

का आवडतं ते तू मला एकदाच सांगितलंस. हिंगोलीहून सेनगावच्या गाडीत, शेवटच्या सीटवर. मी पुन्हा थट्टा सुरू केली होती. तू खिडकीबाहेर पाहत हळू आवाजात बोलू लागलास. बांना लकवा मारल्यानंतरची ती पहिली होळी. मी बारावीच्या अभ्यासाला वसमतला गेलो होतो, त्यामुळे मला त्यातलं काही माहीत नव्हतं. त्या दिवशी बा कुणाला न विचारता उठून उभे राहिले आणि लेंगी म्हणू लागले. तोंड वाकडं होत होतं, शब्द फुटत नव्हते, मोठा सूर लावायला गेले की आवाज मध्येच चिरायचा. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. बाया पदराआड हसल्या.

"मी काय केलं म्हाईत हाय का?" तू म्हणालास. "डेक लावला. मोठ्यानं. आपलीच कॅसेट. लोकायला वाटलं पोरगं खेळून राहिलं. बा खाली बसले. तवापासून गायले न्हाईत."

 मग तू म्हणालास, "ह्या गाणाऱ्याचाबी आवाज फुटलाय, नंद्या. त्यानं तो तसाच ठेवला. अन् बाकीच्या तिघायनं आपलं वाजवणं मोठं न्हाई केलं."

सेनगाव आलं, आपण उतरलो. हे तू कुणालाही सांगितलं नव्हतंस, आणि मला सांगितलंस.

दहा-बारा वर्षांनी मी त्याचा विनोद केला.

पुरवणीच्या संपादकांना मोठ्या बँडांच्या पडलेल्या अल्बमांवर काहीतरी खुसखुशीत हवं होतं. एका दुपारी मी राखाडीवर लिहायला बसलो. ऐकायची गरज वाटली नाही, शिव्या सगळ्या तयार होत्या. शेवट जमत नव्हता. मग तू आठवलास. मी लिहिलं: "माझा एक मित्र तांड्यावर राहतो, साउंड भाड्यानं देतो. या पृथ्वीवर हा अल्बम आवडणारा बहुधा तो एकटाच. का आवडतो म्हणून विचारलं, तर म्हणाला, माझ्या बापाला लकवा मारल्यावर त्याचा आवाज असाच यायचा. मी पेन खाली ठेवलं. याहून नेमकं परीक्षण मला जमणार नाही."

डेकची गोष्ट मी लिहिली नाही. मला वाटायचं, एवढी तरी चाड मी ठेवली. ते खरं नाही. ती घातली असती तर लोक हसले नसते, म्हणून वगळली.

तू लेख वाचलास की नाही हे मी कधी विचारलं नाही. तू फोन करत राहिलास, पूर्वीसारखाच, आणि मी मनात ठरवून टाकलं की गोरेगावात ती पुरवणी येत नसावी. मग पुस्तक आलं आणि हिंगोलीत एका सभागृहात संध्याकाळचा कार्यक्रम ठरला. आयोजकांनी विचारलं, साउंड कुणाचा घ्यायचा, आणि मी मोठ्या मनानं तुझं नाव सुचवलं. मित्राला काम मिळवून दिलं म्हणून मला बरं वाटलं होतं, देवा. इतका मी आंधळा होतो.

स्टेजवर बसल्यावर तू दिसलास. मागच्या भिंतीशी साउंडच्या मिक्सरपुढे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. आपल्या मित्राचं पुस्तक म्हणून तू शर्ट घालून आला होतास. एरवी तू कामावर टीशर्टात असायचास. मी ठरवलं, तो लेख वाचायचा नाही. दुसरे दोन वाचले. मग पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, तो राखाडीवाला वाचा की. टाळ्या झाल्या. मला नाही म्हणता आलं असतं. घसा बसलाय असं म्हणता आलं असतं. मी पान उघडलं.

शेवटच्या परिच्छेदाशी माझा आवाज खाली गेला. तो मी मुद्दामच खाली नेला, की मागे नीट ऐकू जाऊ नये. आणि तू माझा आवाज वाढवलास. बॉक्समधून मला माझाच आवाज मोठा होऊन ऐकू आला. "माझ्या बापाला लकवा मारल्यावर." सभागृह हसलं. मी मान वर केली तेव्हा तू मिक्सरवर वाकलेला होतास.

कार्यक्रमानंतर तू वायरी गुंडाळत होतास. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. वाईट वाटलं का, असं विचारायला गेलो होतो, आणि ते तोंडातून निघेना. तूच विचारलंस, आवाज मागपर्यंत बराबर गेला ना. मी म्हणालो, गेला. मग तू वायरीचं वेटोळं खाली ठेवून सरळ माझ्याकडे पाहिलंस.

"नंद्या, तू तो पुरा ऐकलास ना?"

"ऐकला की. चार वेळा."

"आठवं गाणं कसं वाटलं?"

"आठवं तर सगळ्यात भिकार," मी म्हणालो. "त्यात तर तो नुसता रेकतो."

 मग "व्हय" म्हणालास आणि दुसरी वायर उचललीस. निघताना पुस्तकाची एक प्रत मागून घेतलीस. सही करताना मी लिहिलं, 'देवास, प्रेमपूर्वक'.

त्या दिवसापासून दरवर्षी एकदा-दोनदा, बोलता बोलता, तू म्हणायचास, राखाडी परत ऐकून बघ. मी म्हणायचो, बघतो. तू कधी जोर केला नाहीस. "परत" म्हणायचास. मला तेवढी जागा सोडायचास.

परवा रविवारी दुपारी मी घरात एकटा होतो. दार लावलं, हेडफोन घातले आणि सुरुवात केली. तुला माझं प्रामाणिक मत हवं असणार, तर ऐक. पहिलं गाणं चांगलं आहे, त्याला उगाच झोडपलं. दुसऱ्यात तो वर जायला जातो, आवाज चिरतो, आणि ती चीर त्यांनी कापली नाही. तिथे मला पहिल्यांदा सेनगावची गाडी आठवली. तिसरं वाईटच आहे, म्हणजे मी उठलो ते निदान चुकीच्या गाण्यावर उठलो नाही. चौथं गाणं तू बाजारात का लावायचास ते कळलं. त्यात ढोलाच्या मागे खोलीचा पोकळ आवाज येतो, बॉक्स चांगला असेल तरच तो कळणार. पाचवं आणि सातवं आजही मला पटत नाही. सहाव्यात तो एक ओळ चुकतो, श्वास घेतो आणि तीच ओळ परत म्हणतो. एवढ्या मोठ्या बँडनं ते ठेवलं. पूर्वी मी याला निष्काळजीपणा म्हणालो असतो. म्हणालोच, लेखात तसं वाक्य आहे, कुणाचं तरी वाचून उचललेलं.

मग आठवं लागलं.

मी वाट पाहत राहिलो. गिटार संथ वाजत होती, तिच्याखाली दुसरी आणखी संथ. एक मिनिट गेलं, दोन गेली. पाच मिनिटं झाली आणि गाणं संपलं. आठव्या गाण्यात आवाज नाही. कुणी गातच नाही त्यात.

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.  त्या सभागृहात, वायरी हातात घेऊन, तुला कळलं होतं. मी तुझ्या बापावर चारशे लोकांना हसवलं, तेही ज्या अल्बमच्या निमित्तानं हसवलं तो अल्बम न ऐकता, हे तुला त्याच क्षणी कळलं होतं. आणि तू "व्हय" म्हणालास.

उरलेली दोन गाणी मी अर्ध्या तासानं ऐकली. नववं गाणं तो अगदी खालच्या सुरात सुरू करतो. आठवं ऐकलेलं नसेल तर त्या आवाजाची किंमत कळत नाही. अख्खं एक गाणं तो गप्प बसलाय, आणि मग परत गायला लागलाय. एवढं कळायला तासभर एका जागी बसावं लागतं. दहावं फार लांबवलंय, यावर आपण नक्की भांडलो असतो.

काल मी तांड्यावर गेलो. हिंगोलीहून गोरेगावची जीप, तिथून कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून. वहिनी अंगणात होत्या. त्यांनी पाणी दिलं आणि समोर उभ्या राहिल्या. मी म्हणालो, वहिनी, मला काही सांगायचंय. त्या म्हणाल्या, "मी वाचलंय ते. त्यांनी पुस्तक पेटीत ठेवलं व्हतं, मी काढून वाचलं."

मग मी अल्बमचंही सांगितलं. न ऐकताच लिहिलं हे. आठव्या गाण्याचं.

"त्यांना ठाऊक व्हतं," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी घरी येऊन हसले. म्हणले, नंद्यानं ऐकलंच न्हाई. मग म्हणले, बरं झालं, न ऐकता लिहिलं. ऐकून लिहिलं असतं तर जास्त लागलं असतं."

 वहिनींनी पदरानं तोंड पुसलं. रागावल्या नाहीत, पण धीरही दिला नाही. म्हणाल्या, "आता सांगून ऱ्हायले तुमी. ज्याला सांगायचं, तो गेला."

बा ओसरीवर बाजेवर बसले होते. खूप वाळलेत. मला पाहून त्यांनी डावा हात वर केला आणि नंदू म्हणाले. नाव ओळखू येईल एवढं. मी पायांशी बसलो. त्यांनी उशीखाली हात घातला आणि माझं पुस्तक काढलं. तू गेल्यावर त्यांनी ते पेटीतून मागून घेतलं होतं. पान मुडपून ठेवलेलं होतं. त्यांनी ते माझ्यासमोर धरलं आणि म्हणाले, वाच.

माझ्या लक्षात आलं नाही. मग आलं. बांना वाचता येत नाही, आणि तू त्यांना सांगितलं होतंस, की नंदूनं पुस्तकात तुमच्याबद्दल लिहिलंय.

पान समोर होतं. ते शब्द मी त्यांच्यापुढे कसे वाचणार होतो? मी पुन्हा तेच केलं जे मला येतं. पानावर नजर ठेवून ठोकून दिलं. हिंगोली जिल्ह्यात एका तांड्यावर एक थोर लोकगायक होऊन गेले, त्यांचा आवाज पंचक्रोशीत गाजला होता, असं काहीबाही. होऊन गेले म्हणालो मी, समोर बसलेल्या माणसाला.

बांनी मान हलवली. नाही अशी.

"देवा... असं न्हाई वाचायचा," ते म्हणाले. एकेक शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता. "देवा आमच्या बोलीत वाचायचा."

मी विचारलं, काय वाचायचा, बा?

बांनी डोळे मिटले. पाठ असल्यासारखं ते बोलू लागले, आणि माझ्यासाठी मराठीत. "एक गाणारा व्हता. त्याला लकवा मारला. आवाज फुटला. तरी तो... उभा राहून गायला. परदेशात एक माणूस हाय. त्याचाबी आवाज फुटला. त्यानंबी गाणं सोडलं न्हाई. त्या दोघायचा आवाज सारखा हाय."

 वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या आणि माझ्याकडे पाहत होत्या.

देवा, मी तिथे आलो होतो ते सगळं कबूल करायला. बांचे पाय धरून सांगायचं, की मी तुमच्यावर लोकांना हसवलं. रस्ताभर मी वाक्यं जुळवत आलो होतो. पण ते सांगितलं असतं तर तुझं वाचन खोटं ठरलं असतं. मला मोकळं व्हायचं असेल तर तू त्यांना दिलेलं काढून घ्यावं लागणार होतं. तेवढा हक्क मला नव्हता. म्हणून माझी लाज मी परत घेऊन आलोय. तीच इथे लिहितोय. वहिनींना विचारून लिहितोय. त्या म्हणाल्या, छापून येऊ द्या, बांना मी वाचून दाखवीन. कसं वाचतील ते मी विचारलं नाही.

तो डेक तू का लावला होतास, हे बांना कधी सांगितलंस का, हेही मी विचारलं नाही. ते तुझं आणि त्यांचं.

मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "देवा बराबर वाचायचा, बा. माझं चुकलं."

 त्यांना किती कळलं, मला सांगता येत नाही. मग त्यांनी पुस्तकावर बोट ठेवलं.

"तो परदेशातला," ते म्हणाले. "हाय का अजून?"

"हाय, बा. म्हातारा झालाय."

"गाऊ देतेत त्याला?"

मी म्हणालो, देतात. अजून स्टेजवर उभा राहून गातो. आवाज तसाच फुटतो, आणि लोक लांबलांबून येतात ऐकायला.

 भिंतीशी तुझे दोन बॉक्स ठेवलेले होते, त्यांच्याकडे त्यांनी डाव्या हातानं खूण केली.

"लाव," ते म्हणाले.

वहिनींनी वायर आणून दिली. मी मोबाइल जोडला आणि पहिलं गाणं लावलं. बा भिंतीला टेकून नीट बसले. दुसऱ्या गाण्यात त्याचा आवाज चिरला, तेव्हा त्यांनी वहिनींना हाक मारली आणि आवाज वाढवायला सांगितला.